गावातलं दुकान : तंबाखू ठेवायची नाही, अंगठ्याचे पैसे घ्यायचे नाहीत, मग धंदा करायचा कसा?

मालदांडी (मंगळवेढा तालुका)

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आमचं गाव दीड हजार वस्तीचं. मंगळवेढ्याला जायला दिवसातून दोन एसट्या, त्यातली दुपारची आली तर आली. चुलत सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. ते थकले, पोरं पुण्यात. दिवाळीनंतर ते दुकान आमच्या बचत गटानं चालवायला घेतलं. आम्ही अकरा जणी. गल्ल्यावर मी आणि माझी जाऊ, पाळीपाळीनं. बाकीच्या चटणी कुटतात, कडक भाकरी करतात, दोघी शिलाई.

घेतानाच मारुतीच्या देवळात बसून ठरवलं होतं. तंबाखू, पुडी, सिगारेट ठेवायची नाही. माप मारायचं नाही, छापील किमतीच्या वर रुपया घ्यायचा नाही. आणि जमेल तेवढा माल आपल्याच भागातला, ज्यानं केला त्याच्या पदरात काहीतरी पडेल अशा भावानं घ्यायचा. ठरवताना फार बरं वाटलं. आता आठ महिने झालेत आणि महिन्याच्या हिशोबाला बसलं की तेच ठराव अंगावर येतात.

दुकानात किराणा कमी विकला जातो आणि बाकीची कामंच जास्त असतात. रिचार्ज, वीजबिल, झेरॉक्स, सातबारा काढून देणे, कुणाच्या पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. मी परीक्षा देऊन बँक मित्राचं काम घेतलंय, त्यामुळं आधारवर अंगठा लावून पैसेही काढून देते. लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले की त्या आठवड्यात दुकानापुढं चपलांचा ढीग असतो.

परवाची गोष्ट. वाडीवरच्या एक आजी आल्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. शेजारच्या गावात एका केंद्रावर श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे पैसे काढायला गेल्या होत्या. तिथल्या पोरानं तीनदा अंगठा लावून घेतला आणि 'सर्व्हर डाऊन हाय, उद्या या' म्हणाला. आजी उद्या गेल्या, परवा गेल्या. माझ्याकडं आल्या तेव्हा मी आधी मिनी स्टेटमेंट काढायला घेतलं. मशीन अंगठा घेईना. आजींच्या अंगठ्यावर रेघा राहिल्याच नाहीत, सगळा जन्म ज्वारी उपटण्यात गेला. उजवा झाला, डावा झाला, मधलं बोट झालं, शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. कागद बाहेर आला तर पहिल्याच दिवशी १५०० निघालेले. आजींनी तो कागद उलटा धरून बघितला, पदराच्या गाठीत बांधला आणि मला म्हणाल्या, "म्हंजी ह्यो दावला की पैसं देत्यात व्हय?"

मला काय बोलावं कळेना.

आता प्रश्न. १५०० च्या एका व्यवहारामागं मला चार-पाच रुपये कमिशन पडतं. त्यातच कागदाचा रोल, नेट, आणि रोख रक्कम आणायला बँकेत मारलेली चक्कर. गटातल्या बायका म्हणतात, माणशी १० रुपये घेऊ, सगळेच घेतात, कुणी ना म्हणत नाही. आजी आल्या त्या दिवसापासून माझं मन होत नाही. पण मन होत नाही म्हणून दुकान बंद पडलं तर त्याच आजी परत त्या पोराकडं जाणार.

तंबाखूवरनं तर गावात वेगळंच चालूय, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. दळणाला माणसं आलीत.

---

तराजू

मालदांडीताई, आधी आजींचं. त्या केंद्राची स्लिप मागायची नाही, बँकेत जायचं. खातं ज्या बँकेत आहे तिथं लेखी तक्रार, सोबत तुमच्याकडचं स्टेटमेंट. खात्यातून वजा झाले आणि हातात आले नाहीत अशा आधार व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्ये मुदत घालून दिली आहे: पाच दिवसांत पैसे परत यायचे, उशीर झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. अर्थात इथं तांत्रिक बिघाड नाही, पोरानं हात मारलाय. त्यामुळं बँकेच्या जोडीला पोलिसांतही अर्ज द्या. तुम्ही स्वतः आजींसोबत जा. एकटी म्हातारी गेली की 'उद्या या' तिथंही ऐकायला मिळतं.

दुसरं, १० रुपयांचं. बँक मित्रानं गिऱ्हाइकाकडून परस्पर पैसे घ्यायचे नसतात, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तुमचं कमिशन बँक देते. "सगळेच घेतात" हे मी तीस वर्षं वजनं तपासताना प्रत्येक दुकानात ऐकलंय.

काट्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळून घ्यायचा, प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं. थंड बाटलीवर फ्रिजचे म्हणून दोन रुपये जास्त घेणं, हेही छापील किमतीच्या वरच झालं.

---

बार्शीचा किराणा

ताई, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलोय म्हणून चार शब्द. राग मानू नका.

दुकान म्हणजे भजनी मंडळ नव्हे. तंबाखूत नफा किती हा प्रश्नच नाही, तंबाखू ही गिऱ्हाइकाला दारात आणते. माणूस सकाळी पुडीला येतो, जाता जाता पावशेर साखर, चहापत्ती नेतो. पुडी नाही म्हटलं की तो टपरीवर जातो, आणि टपरीवाला हुशार असला तर महिन्याभरात तोच साखर ठेवायला लागतो. तुमचं गिऱ्हाईक तंबाखूबरोबर गेलं, ते परत तुरीच्या डाळीला यायचं नाही.

आणि उधारीचं काय ठरलंय ते लिहिलं नाहीत. खरी परीक्षा तिथं होते. बाकी सगळं पाटीवर लिहिता येतं.

---

मालदांडी

तराजूकाका, उद्याच आजींना घेऊन जाते. १० रुपयांचं तुम्ही म्हणता ते नियमाला धरून आहे, पण मग रोल आणि चक्करचं काय हा प्रश्न उरतोच.

बार्शीचे मामा, राग कशाचा, तुम्ही म्हणालात तेच झालंय. दुकान घेतलं तेव्हा सासऱ्यांच्या वेळचे पुड्यांचे सर उतरवून ठेवले. तिसऱ्या दिवशी एक पोरगं आलं, दुसरीतलं. मुठीत १० रुपये. "आज्यानं पुडी सांगितलीय." मी म्हटलं, मिळत नाही बाळा. ते म्हणालं, "मग पेन द्या आन् उरल्याली पुडी द्या." म्हणजे त्याच्या लेखी पेन आणि पुडी एकाच फळीवरचा माल. थोड्या वेळानं आजाच आला काठी आपटत. "तुज्या सासऱ्यानं कधी न्हाई म्हटलं न्हाई." तेव्हापासून ते घर आमच्याकडं मीठसुद्धा घेत नाही. अशी सात-आठ घरं गेली.

उधारी आहे. न ठेवून सांगता कुणाला. ऊस गेल्यावर, डाळिंब विकल्यावर, ज्वारी आल्यावर देतात. वही माझ्याकडं असते. व्याज लावत नाही, भावही वेगळा लावत नाही. सासरे लावायचे: रोखीला साखरेचा एक भाव, वहीला दोन रुपये जास्त. सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

---

तराजू

एक गोष्ट मोजा. दुकानापासून शाळा किती लांब? २००३ च्या तंबाखू कायद्यात शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. म्हणजे साधारण ९१ मीटर. अठराच्या आतल्या मुलाला तर कुठंच विकता येत नाही, बाल न्याय कायद्यात विकणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी. सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकायलाही २०२० पासून बंदी, पुडकं घ्यायचं तर अख्खं.

---

मालदांडी

आत्ता जाऊन मोजून आले! शाळेचं फाटक दुकानाच्या पायरीपासून माझ्या पावलांनी सत्तर पावलं. म्हणजे आम्ही देवळात बसून एवढा मोठा त्याग केला तो मुळात कायद्यानंच करायचा होता. जाऊ हसून हसून लोळली.

---

तेंदूपान

मी सोलापूरचा, सध्या कामानिमित्त हडपसर. धागा वाचून लिहू की नको करत होतो.

माझ्या आईनं एकतीस वर्षं विड्या वळल्या. आम्ही तीन भावंडं त्यावर शिकलो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, डाव्या हाताला भिजवलेली पानं. पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, टोक दुमडायचं, दोरा. बोलता बोलता, टीव्ही बघता बघता, आम्हाला रागावता रागावता. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात द्यायला गेली की मोजणारा मूठभर नापास करून बाजूला टाकायचा आणि त्या विड्या परतही मिळायच्या नाहीत. पान कमी पडलं तर बाजारातून स्वतःच्या पैशानं. घरभर तंबाखूची धूळ. लहानपणी मला वाटायचं की आईचा वासच तो आहे.

आमच्या गल्लीत, शेजारच्या गल्लीत, सगळीकडं हेच. सोलापूरच्या पूर्वभागातल्या निम्म्या घरांची चूल विडीवर पेटायची असं म्हटलं तरी चालेल. तेलुगू बोलणाऱ्या आमच्या बायकांना दुसरं काय काम होतं? यंत्रमागावर नवरा, विडीवर बायको.

त्यामुळं "तंबाखू विकत नाही, कारण ती वाईट" असं कुणी म्हटलं की मला दोन्ही बाजूंनी लागतं. वाईट तर आहेच, आईच्या छातीत काय झालंय ते मी बघतोय. पण ती विडी विकली गेली नसती तर मी हे टाइप करत बसलो नसतो. ताई, तुम्ही ठेवू नका. शाळेसमोर तर नकोच. फक्त त्या आजोबांशी बोलताना तेवढं पाप-पुण्य काढू नका, एवढंच सांगायचं होतं.

---

बार्शीचा किराणा

वाचलं. बराच वेळ काही लिहिलं नाही.

---

निसर्गप्रेमी कोथरूड

खूप छान उपक्रम! माझी सूचना : तुमच्याकडची ज्वारी, गूळ, चटणी 'ऑरगॅनिक' म्हणून छान खाकी पाकिटात भरून पुण्यात विका. इथं दुप्पट भाव मिळेल. गावातल्या लोकांना परवडत नसेल तर शहरातल्या लोकांकडून कमवा आणि त्यातून गावातली सेवा चालवा.

---

मालदांडी

सूचना मनापासून आहे म्हणून उत्तरही मनापासून देते.

आमची ज्वारी कशी येते ते सांगते. काळी, खोल जमीन. भेगा पडल्या की पाय जाईल एवढी. भाद्रपद-आश्विनात पेरायची, त्यानंतर पाणी नाही. जमिनीतली ओल आणि थंडीचं दव यावरच पीक उभं राहतं. फवारणीला पैसे कुणाकडं आहेत? २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते असल्या मातीमुळं. माझं नाव मालदांडी ठेवलंय तेही त्याच वाणावरनं, मोहोळच्या संशोधन केंद्रातनं आलेलं, नव्वद एक वर्षांचं म्हातारं वाण, अजून त्याच्या भाकरीला तोड नाही.

पण त्या पाकिटावर मी 'सेंद्रिय' लिहू शकत नाही. चौकशी केली होती. त्याला प्रमाणपत्र लागतं. शेतकरी स्वतः थेट खाणाऱ्याला विकत असेल तर सूट आहे, पण मी मधली दुकानदार. आणि अकरा शेतांतली ज्वारी एकत्र केल्यावर कुणी बांधावर काय मारलंय हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. म्हणून पाकिटावर शेतकऱ्याचं नाव आणि त्याच्या जमिनीचा गट नंबर लिहिते, बस. ज्याला बघायचंय त्यानं यावं, रान दाखवते.

गुळाचं अजून अवघड. आमच्याकडं पिवळाधमक गूळ लोकांना 'चांगला' वाटतो. तो तसा व्हावा म्हणून काहिलीत हायड्रॉस नावाच्या रसायनाची पावडर टाकतात. रानभेंडीच्या रसानं मळी काढलेला गूळ तांबूस-काळपट होतो. तो मी ठेवला तर बायका म्हणतात, जुना दिसतोय, पाच रुपये कमी कर. पुण्यात त्याच काळ्या गुळाला तुम्ही दुप्पट देता. गावाला पिवळा गूळ आणि पुण्याला काळा, असं दुकान मला चालवायचं नाही. म्हणून सध्या दोन्ही ठेवते. काळ्याचा खडा आधी हातावर ठेवते, मग बोलते. चार घरं वळलीत.

---

जुनी मिल

काय बे मंडळी, सोलापूरचा धागा आन् चादरीचा पत्त्या नाही?

ताई, चादरी ठेवूलालाव का नाही तुम्ही? ठेवत असाल तर एक ऐका. आमचा बाप मिलमध्ये, मी यंत्रमागावर, भाऊ टॉवेलच्या कारखान्यात, त्यामुळं ह्या विषयात मी गप बसत नसतो.

सोलापुरी चादर आन् टॉवेल ह्या दोघांना २००५ च्या सुमारास जीआय मिळालं, महाराष्ट्रात सगळ्यात आधी. पण आज रोडच्या कडंला 'सोलापुरी' म्हणून जे ढीग लावलेत त्यातलं निम्मं सोलापूरनं बघितलेलं पण नाही. बाहेरनं भेसळीच्या धाग्याचं येतंय, वर आपलं लेबल. दिसायला भारी, किंमत निम्मी, दोन धुण्यात केस निघूलालेत.

ओळखायचं कसं. चादर उलटी करा. जकार्डची (मागावरच नक्षी विणलेली) खरी चादर दोन्हीकडनं चादरच असते, एका बाजूला जे फूल लाल ते मागं पांढरं, उलटसुलट. वजन हातात घेऊन बघा. तरी शंका असेल तर कडंचा एक धागा उपसा आन् काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतोय, राख चिमटीत धरली की जातीय उडून. पॉलिस्टर असलं की आकसतंय, वितळतंय आन् टोकाला काळा मणी. गिऱ्हाइकासमोर जाळून दाखवा, जाहिरातीची गरज नाही.

आन् घ्यायची तर मागवाल्याकडनं घ्या, पेठेतल्या व्यापाऱ्याकडनं नका घेऊ. मागवाल्याला महिन्यानं पैसे मिळूलालेत. तुम्ही पाच चादरी घ्या पण रोख घ्या. त्याला ते मोठं हाय.

---

मालदांडी

जुनी मिल दादा, ठेवते, दहाच. लग्नसराईत आहेराला जातात. पण काडी लावायची युक्ती माहीत नव्हती. रात्री घरातल्या सगळ्या चादरींच्या कडा जाळून बघितल्या. लग्नात माहेरून आलेली पास झाली. दुकानातल्या दहापैकी तीन नापास! त्या परत पाठवल्या तर व्यापारी म्हणतो, "ताई, सोलापुरात दिल्यात म्हणजे सोलापुरीच." पुढच्या खेपेला तुम्ही म्हणता तसं मागावर जाऊन घेईन. पत्ता इथं नको, निरोपातून द्या.

---

अंगठाछाप

नाव बघून हसू नका, मी खराच अंगठ्याच्या धंद्यातला. पंढरपूरच्या अलीकडं बँक मित्र आहे, सहा वर्षं.

तराजूकाका म्हणाले ते बरोबर, पण जमिनीवरचं सांगतो. एका व्यवहाराला जास्तीत जास्त १०,००० निघतात. त्यावरही कमिशन हातात १० रुपयांच्या आसपासच. शाखा चौदा किलोमीटर. दोन लाख रोख मोटारसायकलच्या डिकीत घालून आणायची, ती जोखीम माझी. बनावट नोट आली तर माझी. मीही सुरुवातीला १० रुपये घ्यायचो, कबूल करतो. सोडले ते नीतीमुळं नाही. एका बाईनं चारचौघांत विचारलं, "ह्यो दहाचा कागद मिळंल का?" पावती मागितली हो! देणार काय?

मी मग असं केलं. पैसे काढायला एक रुपयाही नाही, आणि प्रत्येकाला छापील स्लिप. झेरॉक्स, फोटो, ऑनलाइन अर्ज ही माझी स्वतःची कामं, त्यांचे दर पुठ्ठ्यावर लिहून टांगले. सातबाऱ्याची सरकारी फी १५ रुपये, माझी प्रिंट आणि मेहनत १०, अशा दोन वेगळ्या ओळी. लोक त्याचे हसत देतात, कारण कशाचे देतोय ते दिसतं. एक रुपयाच्या पीक विम्याच्या वेळी हेच झालं होतं. केंद्राला अर्जामागं विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे, तरी जागोजागी शेतकऱ्याकडून शंभर-शंभर घेतले. ती योजना गेली, बदनामी आमच्या सगळ्यांच्या नावावर राहिली.

बोटांसाठी : म्हाताऱ्या माणसाला आधी थोडा वेळ बसवा, ओल्या फडक्यानं बोट पुसा, मग कोरडं करा. काच प्रत्येक वेळी पुसा. कोणतं बोट लागतं ते पासबुकाच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा, दर महिन्याला दहा बोटं तपासायला नकोत. आणि एकदा आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे नव्यानं घ्या. अगदीच अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर पोस्टमनला सांगा, पोस्टाच्या बँकेचं मशीन घेऊन ते घरी येतात.

सगळ्यात महत्त्वाचं, रक्कम मोठ्यानं बोला. "आजी, पंधराशे काढतोय, ह्या बघा पंधराशे." पडद्यावर बघता येत नसलं तरी कानानं कळतं, आणि मागं उभी असलेली चार माणसं साक्षीदार होतात.

---

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये, माहेर अक्कलकोट. आमच्या इथल्या खेड्यातलं एकुलतं दुकान बंद पडायला आलं तेव्हा गावकऱ्यांनीच शेअर काढून ते विकत घेतलं. शेअर कितीही असोत, मत माणशी एकच. पोस्टाचा काउंटर दुकानातच. पगारी एकच, बाकी निवृत्त मंडळी पाळीनं उभी राहतात. 'फेअरट्रेड'चा शिक्का असलेला चहा, कॉफी, केळी असतात; म्हणजे पिकवणाऱ्याला ठरलेल्या किमान भावाखाली घेतलेलं नाही, आणि वर गावाच्या कामासाठी थोडी रक्कम. तुमचा धागा वाचून वाटलं, ती केळी हजारो मैलांवरून येतात म्हणून त्यांना शिक्का लागतो. तुमच्याकडं पिकवणाराच दारात उभा राहून भाव विचारतो. शिक्का कुणाला दाखवणार?

(भारतात आले की चटणी नेणार. अर्धा किलो बाजूला ठेवा.)

---

डोंबिवलीकरीण

छोटीशी भर. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपाला जायची. १९७५ पासूनची संस्था. दुकान नाहीच, शेजारच्या घरांचा संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकदम येतो, पाळीनं वाटायचा. आधी मागणी कळली की माल पडून राहत नाही. तुमच्या काळ्या गुळाला हे करून बघा.

---

तराजू

मालदांडीताई, चटणी आणि भाकरीच्या पाकिटाचं पाहून घ्या. अन्न परवान्याची नोंदणी, पाकिटावर नाव, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, पत्ता. आणि तेल सुट्टं विकत असाल तर थांबा. खाद्यतेल सीलबंद, लेबल लावूनच विकायचं असा केंद्राचा २०११ चा नियम आहे.

---

मालदांडी

काका, नोंदणी आहे, आम्ही काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. तेलाचं मात्र तुम्ही वेळेवर सांगितलंत. पुढच्या महिन्यात करडईचं घाण्याचं तेल ठेवून "आपापली किटली घेऊन या" अशी पाटी लावायचा विचार होता. प्लॅस्टिक वाचावं म्हणून! आता घाणेवाल्याशी बोलले. ज्याची करडई त्यानं द्यायची, घाणा काढून तेल आणि पेंड त्याची त्यानं न्यायची, मजुरी तेवढी द्यायची. आमच्या सासूबाई म्हणाल्या, यात नवीन काय आहे, आम्ही असंच करायचो.

पिशव्यांचं जमलंय. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, तिथल्या कातरणीचा गठ्ठा किलोवर आणतो आणि शिलाईवाल्या दोघी पिशव्या शिवतात. त्यामुळं आमच्या गावात सगळा बाजार निळ्या-खाकी रंगाचा. एका पिशवीला चक्क खिसा राहिलाय, त्यात एक आजोबा चष्मा ठेवतात.

चटणीचा हिशोब मांडते, कुणी चूक काढली तर बरं. आधी आम्ही दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, जळण एवढंच धरून भाव काढायचो आणि वर २० रुपये नफा. कुणी विचारलं, कुटणावळ कुठं आहे? सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. उखळात किलोभर चटणी कुटायची म्हणजे दोघींचा पाऊण तास, तेल सुटेपर्यंत. दंड भरून येतात. आता किलोला ६० रुपये कुटणावळ धरतो आणि ती कुटणारीच्या हातात त्याच दिवशी. भाव वाढला तसा खप थोडा कमी झाला, पण मिक्सरवर करायची नाही असं त्यांनीच ठरवलंय.

---

बार्शीचा किराणा

हिशोब बरोबर आहे. फक्त पाकीट आणि वाया जाणारं धरा, किलोमागं १५ तरी.

उधारीचं राहिलं होतं. वही तुमच्याकडं असते म्हणालात, तिथं चूक आहे. दोन वह्या करा. एक तुमच्याकडं, एक छोटी गिऱ्हाइकाकडं, दोन्हीत एकाच वेळी लिहायचं. माझ्या वडिलांनी एकच वही ठेवली, मीही वीस वर्षं एकच ठेवली. त्या काळात आमच्या दुकानाच्या वहीत कुणाच्या नावावर काय चढलं हे फक्त आम्हाला माहीत असायचं. पुढचं लिहीत नाही, समजून घ्या. दुसरी वही सुरू केल्यावर पहिल्या वर्षी माझी उधारी कमी दिसायला लागली आणि वसुली वाढली.

---

मालदांडी

मामा, हे लिहायला मोठं मन लागतं. शंभर छोट्या वह्या उद्याच आणते.

आजींचं सांगायचं राहिलं. तक्रार दिली. बँकेत साहेबांनी आधी बाहेर बाकावर बसवलं, मग आजींनी गाठ सोडून तो कागद टेबलावर ठेवला आणि बाहेरची माणसं बघायला लागली. अर्ज घेतला, पोच दिली. पैसे अजून आलेले नाहीत. केंद्रावरचं ते पोरगं दोनदा घरी येऊन गेलं म्हणे, "आजी, आपसात मिटवू." आजींनी त्याला चहा पाजला आणि पैसे बँकेतनंच येऊ दे म्हणाल्या.

अंगठ्याचे पैसे घेत नाही. पुठ्ठ्यावर दर लिहून टांगलेत, पेन्सिलीनं बोट लिहायलाही सुरुवात केली. गटातल्या तिघींना हे पटलेलं नाही, त्या महिन्याच्या बैठकीत परत काढणार आहेत.

---

तेंदूपान

ताई, आईला धागा वाचून दाखवला. तिचाही अंगठा लागत नाही, विडीनं बोटं गुळगुळीत झालीत. करंगळीचं ऐकून म्हणाली, उद्या बँकेत करंगळी लावून बघते. आणि विचारतेय, कडक भाकरी सोलापुरात पाठवता का?

---

मालदांडी

पाठवते. दुपारच्या एसटीनं. आली तर.